महिपतकाकांचा लिमिटर आणि माझं एक वाक्य

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, ज्यांच्या हाताखाली मी शुद्धलेखन शिकले त्या निवृत्त मुख्याध्यापिका आदरणीय उमाताई पाटणकर. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि कलावंत मंडळाचे पदाधिकारी. आपण सगळे ज्यांच्या निवृत्तीनिमित्त जमलो ते सत्कारमूर्ती श्री. महिपत सोनू शिवगण, म्हणजे आपले महिपतकाका. व्यासपीठावर बसायला साफ नकार देऊन पहिल्या रांगेत जाऊन बसलेल्या तुळसाकाकू. त्यांच्या शेजारी कैलासवासी शाहीर धोंडूबुवा गोताड यांच्या कन्या मथुराताई. आणि गावोगावच्या जाखडी-नमनाच्या लोककला मंडळांतून एसटी बदलत बदलत इथवर आलेल्या माझ्या बंधूभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख करून दिली. मालगुंडची मुलगी, पुण्यात संगणक क्षेत्रात नाव काढलं, जुन्या ध्वनियंत्राला संगणकात उतरवलं, रत्नागिरीचं नाव देशोदेशी नेलं. टाळ्याही वाजल्या. त्या टाळ्या मी मान खाली घालून ऐकल्या, त्याला काही जण विनय समजले असतील. तो विनय नव्हता. ती ओळख चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करण्यासाठीच मी आज उभी आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर नेमून दिलेल्या वेळेपेक्षा थोडा जास्त वेळ घेईन.

महिपतकाकांचं ‘नादलहरी ध्वनिमुद्रण केंद्र’ आपल्यापैकी बहुतेकांनी आतून पाहिलेलं आहे. परटवणे भागातली ती जांभ्या चिऱ्याची खोली, भिंतींना ठोकलेल्या काथ्याच्या गाद्या आणि दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला. पस्तीस वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या मंडळांच्या कॅसेटी तिथे भरल्या गेल्या. मी तिथे पहिल्यांदा गेले १९९८ साली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी एखादं जुनं व्हॉल्व्हचं, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचं, यंत्र बघायला मिळतं का, म्हणून विचारत विचारत पोचले. काकांनी मला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, “बघायला काय, कुनीपन बघंल. आधी ऐक.”

ते ऐकणं दोन वर्षं चाललं.

त्या यंत्राला लिमिटर म्हणतात. ते काय करतं, हे मी सोप्या शब्दांत सांगते. गाणारा माणूस हळू गातो आणि मध्येच वरचा सूर लावतो. टेपवर तो सूर फाटतो. म्हणून मध्ये हे यंत्र बसवतात. आवाज वाढला की ते त्याला दाबून धरतं, उतरला की सोडतं. दाबायला कुठलंही यंत्र चालतं. सोडायचं कधी आणि किती हळू, सगळं शहाणपण त्यात आहे.

मुंबईतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओचं सामान भंगारात निघालं, तेव्हा काकांनी तो लिमिटर घेतला. एसटीच्या शेवटच्या सीटवर मांडीवर ठेवून रत्नागिरीपर्यंत आणला. पण जसा आणला तसा तो आपल्या कामाला येईना. कारण आपले धोंडूबुवा.

बुवांना दमा होता, हे इथे कोणाला सांगायला नको. ओळ संपली की ते मोठा श्वास घ्यायचे. ओळ थांबल्याबरोबर यंत्र हात सोडायचं आणि तो श्वास गाण्याइतकाच मोठा ऐकू यायचा. कोणीतरी सुचवलं, टेप कापा, श्वास काढून टाका. काका म्हणाले, “श्वास कापला तर मानूस कुठून गायला ते कसं कळनार?” आणि त्यांनी यंत्र उघडलं. अकरा दिवस ते आतले कंडेन्सर आणि रेझिस्टन्स बदलत होते आणि बुवा समोर बसून तीच ओळ पुन्हा पुन्हा गात होते. शेवटी असं जमलं की ढोलकीची थाप आली तर यंत्र दाबून चटकन सोडायचं, पण लांब ओळ संपली की थांबायचं. बुवांचा श्वास पुरा होईपर्यंत थांबायचं आणि मगच हलकेच हात काढायचं. श्वास ऐकू यायचा, पण आपल्या जागी, गाण्याच्या पायाशी. बुवांच्या कॅसेटी घरी असतील तर आज जाऊन ऐका. तो थांबा ऐकू येईल.

हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं. हे काकांच्या कानात होतं आणि बुवांच्या छातीत.

पुढे मी पुण्याला नोकरीला लागले. आमची कंपनी प्लग-इन बनवायची, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या संगणकात बसवायचे छोटे प्रोग्रॅम. जुन्या, जड, महागड्या यंत्रांचं वागणं तपासायचं, त्याचं गणित मांडायचं आणि तेच वागणं प्रोग्रॅममध्ये उतरवायचं, असं काम त्या काळात जगभर सुरू झालं होतं. परदेशातल्या नामांकित यंत्रांवर मोठमोठ्या कंपन्या आधीच बसल्या होत्या. आमच्या विभागाचे प्रमुख अनिश सर एका बैठकीत म्हणाले, “कोणाकडेच नाही असं काहीतरी हवं.” मी म्हटलं, “माझ्या माहितीत आहे.”

बघा, त्या वेळी मी ‘महिपतकाकांकडे आहे’ असं म्हणाले नाही. ‘माझ्या माहितीत आहे’ म्हणाले. सुरुवात तिथेच झाली.

२००२ च्या फेब्रुवारीत मी काकांकडे आले. सांगितलं, “अभ्यासासाठी पाहिजे. पंधरा दिवसांत परत आणते.” कंपनी, प्रोग्रॅम, विक्री यातलं काही बोलले नाही. काकांनी एका शब्दानं विचारलं नाही. यंत्र गोणपाटात गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि गाडीत ठेवता ठेवता म्हणाले, “मनू, चालू केल्यावर अर्धा तास तापू दे. मग काय इचारायचं ते इचार त्याला. थंड असताना खोटं बोलतं.”

पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. आम्ही त्या यंत्रातून हजारो आवाज पाठवले. छोटे, मोठे, एकदम थांबणारे, हळूहळू उतरणारे. प्रत्येक वेळी ते किती दाबतं आणि किती वेळानं सोडतं हे मोजलं. माझं काम चांगलं चाललं होतं आणि मला त्याची नशा चढली होती, हे मी कबूल करते.

मे महिन्यात ऑफिसात काकांचा फोन आला. “मनू, यंत्र कवा येतंय? बुवांची नऊ गाणी भरायची हायत. त्यांची तब्येत बरी नाय. एकदा करून टाकू म्हनतायत.”

मी म्हटलं, “पुढच्या आठवड्यात नक्की, काका.”

यंत्र तेव्हा मोकळंच होतं. आमची मुख्य मोजणी झाली होती. मी ते ठेवून घेतलं, कारण अडलं तर हाताशी असावं. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मी आज ते आनंदाने सांगितलं असतं.

बुवा गावाहून आले. काकांनी यंत्राशिवाय प्रयत्न केला. बुवा गाताना काका आवाजाच्या सरकत्या बटणावर बोट ठेवून बसले, सूर वर गेला की बटण खाली, ओळ संपली की थांबून वर. दोन गाणी तशी झाली. ऐकल्यावर बुवा म्हणाले, “महिपत, हितं माजा दमाच गातोय. यंत्र येऊ दे, मग बाकीची करू.” आणि ते गावी परत गेले.

यंत्र मी ऑगस्टमध्ये परत आणलं. बुवा जुलैमध्ये गेले होते.

नऊपैकी सात गाणी राहिली. त्या दिवशी काकांनी गोणपाट सोडून यंत्र जागेवर ठेवलं, फडक्याने पुसलं आणि मला चहा दिला. बुवांचं नावही काढलं नाही. मला वाटलं, त्यांच्या मनात काही नाही. आपल्याला सोयीचं असलं की समोरच्याच्या मनात काही नाही, असं वाटायला किती कमी वेळ लागतो!

काका खुणेनं ‘पुरे’ म्हणताहेत. नाही काका, आज मला बोलू द्या. अजून मुख्य गोष्ट आलेली नाही.

२००४ साली आमचा प्लग-इन तयार झाला. बाजारात आणण्याआधी अनिश सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सरळ माणूस आहे, त्यांच्याकडे दोष नाही. म्हणाले, “मनस्विनी, मूळ यंत्र कुठल्याही कंपनीच्या सर्किटच्या नकाशाशी जुळत नाही. कोणीतरी ते हाताने बदललंय आणि आपला सगळा वेगळेपणा त्या बदलातच आहे. कोण आहेत ते? त्यांची लेखी संमती घेऊ, नाव छापू.”

मी काय उत्तर द्यायला हवं होतं? परटवण्याचा पत्ता. फक्त तेवढा. पण त्या सहा महिन्यांनंतर मला काकांसमोर कागद घेऊन जायचं नव्हतं. गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं, अभ्यास नव्हता, धंदा होता, आणि त्या धंद्यापायी बुवांची गाणी गेली. शिवाय खोटं कशाला बोलू, दोन वर्षं त्या ‘थांब्या’चं श्रेय मला मिळत होतं. सहकारी त्याला माझं नाव जोडून बोलायचे. ते मला आवडत होतं.

मी म्हटलं, “सर, ते आता हयात नाहीत.”

बोलताना मनात मी धोंडूबुवांचा चेहरा आणला. बुवा नाहीतच ना हयात, श्वास तर त्यांचाच ना, मग वाक्य अगदीच खोटं नाही. माणूस स्वतःला कसा समजावतो, बघा. सरांनी विचारलेलं यंत्र बदलणाऱ्याबद्दल, आणि उत्तर मी दिलं गाणाऱ्याबद्दल. आणि मला ते पुरतं माहीत होतं.

सर म्हणाले, “अरेरे. मग निदान तसा आदरानं उल्लेख करू.” प्लग-इनसोबतच्या पुस्तिकेत इंग्रजीत छापलं गेलं की कोकण किनाऱ्यावरच्या ज्या अज्ञात कारागिरानं हे यंत्र घडवलं, ते आज आपल्यात नाहीत. पुढच्या ओळीत संशोधक म्हणून माझं नाव.

ती पुस्तिका कुठे कुठे गेली याचा मला अभिमान होता. ती परटवण्याला जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

काकांचा पुतण्या संदेश मुंबईत एका स्टुडिओत कामाला आहे. गेल्या वर्षी गणपतीत तो गावी आला, तो संगणक घेऊन. काकांना गंमत म्हणून प्लग-इन लावून दाखवला. काकांनी दोन ओळी ऐकल्या आणि संदेशला म्हणाले, “हा माजा हाय.” संदेशला पटेना. त्यानं पुस्तिका उघडली, संशोधकाचं नाव वाचलं आणि त्याच्या वरची ओळही मराठी करून मोठ्यानं वाचली. तुळसाकाकू तेव्हा दारात उभ्या होत्या.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी दरवर्षीप्रमाणे मी गौरीचा फराळ घेऊन काकांकडे गेले. काका म्हणाले, “बरी आलीस. बस. तुजा प्रोग्राम ऐकला.”

माझ्या हातातला डबा मी कुठे ठेवला, मला आठवत नाही.

काका म्हणाले, “चांगला केलास. पन थांबा कमी घेतलास. यंत्र तापू दिलं नव्हतंस ना?”

“नाही काका. घाई होती.”

“म्हनून. बुवा एवढ्या लौकर श्वास संपवीत नसत.” आणि त्यांनी मूळ यंत्र चालू केलं, अर्धा तास तापू दिलं, आणि मला बाजूला बसवून तो फरक ऐकवला. तासभर ते माझी चूक दुरुस्त करत होते, जणू माझ्या हातून चुकलं ते एवढंच. शेवटी मलाच सहन होईना. मी म्हटलं, “काका, त्या पुस्तिकेत...”

ते म्हणाले, “पुस्तक मी वाचलं नाय. कानानं ऐकलं तेवडं सांगतोय.”

ते मला वाचवत होते. पण तुळसाकाकू आतून आल्या. त्यांनी माझा हात धरला आणि काकांच्या मनगटावर ठेवला. “लागतेय नाडी?”

मी मान हलवली.

“तोंडानं सांग. लागतेय?”

“लागतेय काकू.”

“मग ह्यांना कुनाला इचारून मारलंस गो?”

मंडळी, मी त्या खोलीत चार वर्षं पदव्युत्तर वाटावं असं शिक्षण घेतलं, असं लोकांना सांगत असे. खरं तर दोनच वर्षं, पण तेही फुगवून सांगायचे. मी रडायला लागले, तर काकू म्हणाल्या, “रडू नको. रडलीस की तुला बरं वाटंल, आमचं काय? सवाष्णीनं असं कानानं ऐकायचं! इंग्रजीत लिवलंस म्हनून काय आमच्यापत्तर येनार नाय?”

काका म्हणाले, “तुळसा, पुरे. पोर हाय.”

“पोर व्हती तवा आपल्या घरात जेवली. आता मोठी हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाय, तुला शिव्या देऊन मी काय करू? चार मानसांत लिवलंस, आता चार मानसांतच पुसून टाक.”

पुण्याला गेल्यावर मी अनिश सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी त्या माणसासाठी मनातल्या मनात हात जोडले होते.” माझ्याकडून त्या विभागाची जबाबदारी काढून घेतली, ते योग्यच झालं. स्वतः सर परटवण्याला आले, काकांची माफी मागितली आणि संमती मागितली. काकांनी एकच अट घातली, की आधी थांबा दुरुस्त करा. प्लग-इनची नवी आवृत्ती गेल्या महिन्यात निघाली, त्यात थांबा बरोबर आहे. नव्या पुस्तिकेतली ओळ मी मराठीत वाचते: ‘या यंत्राची रचना रत्नागिरीचे श्री. महिपत सोनू शिवगण यांनी शाहीर धोंडू गोताड यांच्या गायनासाठी केली.’

पण जुनी ओळ खोटी होती, आणि ती कोणी सांगितली, हे छापायला कंपनी तयार झाली नाही. त्यांच्या अडचणी मला समजतात. म्हणून ते काम राहिलं होतं. मंडळाचं आमंत्रण आलं तेव्हा मी काकांना फोन केला की मला हे सभेत बोलायचंय. काका म्हणाले, “माज्या निरोपाच्या दिवशी कशाला?” मागून काकूंचा आवाज आला, “बोलू दे तिला.”

तर बोलले. पुस्तिकेतली ती ओळ खोटी होती. ती मी, मनस्विनी केतकर हिनं सांगितली. माणूस जिवंत आहे हे माहीत असताना सांगितली. आणि ज्या गोष्टीसाठी तुम्ही मला टाळ्या दिल्यात, ती माझी नाही.

मथुराताई, तुमच्यासाठी मला वेगळे शब्द सुचत नाहीत. गेल्या महिन्यात केंद्र बंद करण्याआधी काकांनी तुम्हाला बोलावलं, यंत्र तापवलं, आणि वडिलांची जेवढी गाणी तुम्हाला आठवली तेवढी भरून घेतली. चार आठवली. तुमचा आवाज बुवांसारखाच खुला आहे, पण तुम्हाला दमा नाही, म्हणून काका थोडे गोंधळले, असं ऐकलं. राहिलेली तीन गाणी आता कोणालाच येत नाहीत. ती माझ्या नावावर आहेत. प्रोग्रॅममधला थांबा मला दुरुस्त करता आला. ती तीन गाणी मला कुठूनही आणता येणार नाहीत.

कार्यक्रमपत्रिकेत माझाही सत्कार छापलेला आहे. अध्यक्षांना विनंती आहे की ती शाल मथुराताईंच्या खांद्यावर घालावी.

महिपतकाका, तुमचे कान आता वरचे सूर पकडत नाहीत म्हणून तुम्ही स्वतःहून थांबलात. कोणीही सांगितलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं. तुम्हाला स्वतःला कळलं, तेवढं तुम्हाला पुरलं. तुम्हाला आणि काकूंना निरोगी, मोठं आयुष्य लाभो. हे वाक्य मी याआधी कुठल्याही सभेत इतक्या मनापासून म्हटलेलं नाही.

मला इथे बोलावल्याबद्दल कलावंत मंडळाचे, इतका वेळ दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि मध्येच उठून न गेल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. भाषणाच्या शेवटी ‘माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा करा’ असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. शाळेत उमाताईंनीच ती शिकवली. बाई, आज मी त्यातला ‘असेल तर’ गाळते आहे. आणि ‘क्षमा करा’ हेही मी मागत नाही, ते ज्यांचं त्यांच्याकडे राहू दे.

माझं चुकलं. नमस्कार.